तीन फुटांचं गाव

आपल्याकडे गावाचा इतिहास सांगायची एक रीत ठरलेली आहे. पांढरीवर पहिलं घर कुणी बांधलं, वेशीतला मारुती कुणी बसवला, पाटीलकी कुणाच्या वाड्यात, कुलकर्ण कुणाच्या, ग्रामदैवत कुणाच्या स्वप्नात आलं. कुर्डुवाडीच्या म्हाताऱ्यांना यातलं काही विचारून उपयोग नसे. जुनं गाव कुर्डू, माढा तालुक्यातलं. आमची ही त्याची वाडी. वाडीत आधी आले रूळ, मग आली माणसं.

त्यामुळे "गाव कसं वसलं?" असं विचारलं, की प्रत्येक जण आपल्या घरातला पहिला माणूस कोणत्या साली, कुठून, कुणाच्या ओळखीने इथल्या फलाटावर उतरला तिथून सुरुवात करी. आमच्या घरात तो मान पणजोबांचा. शेजारच्या चाचांकडे त्यांच्या आजोबांचा. ते टांगा घेऊन आले होते. पलीकडच्या आळीतल्या आडत्यांचे पूर्वज चोपडी आणि तराजू घेऊन उतरलेले. वडारांचे पूर्वज रुळांखालची माती टाकायला आले आणि माती टाकून झाल्यावर परत गेलेच नाहीत. मूळचा असा कुणीच नाही, म्हणून उपराही कुणी नाही. आणि या सगळ्यांना इथे धरून ठेवणारी गोष्ट मोजून तीन फुटांची होती.

ती पुढे येईलच. आधी स्टेशन.

स्टेशनाचं पहिलं नाव कुर्डुवाडी नव्हतं, बार्शी रोड होतं. म्हणजे जिथे आहे त्या गावाचं नाव नाही, जिथे जायचं त्या गावाचं. मुंबईहून मद्रासकडे निघालेली जीआयपी रेल्वे पुण्यापासून पुढे सरकत 1859 मध्ये इथवर आली आणि 1860 च्या मध्याला सोलापूरला पोचली. मधले काही महिने बार्शी रोड हे लोहमार्गाचं शेवटचं टोक होतं. तेव्हा बोरघाटातले बोगदे अजून पुरे व्हायचे होते. घाटातून गाडी धावू लागली 1863 मध्ये. मुंबईचा माणूस घाटापर्यंत गाडीने, घाट पालखीने नाहीतर पायी आणि वर पुन्हा गाडीने, असा बार्शी रोडला यायचा. उतरल्यावर समोर काय? काळं रान, बाभळी आणि बार्शीकडे जाणारा गाडीरस्ता.

बार्शी ही त्या वेळची कापसाची मोठी पेठ. बालाघाटाच्या वरून मोगलाईतला कापूस आणि गळिताची धान्यं बार्शीत येत. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बार्शी ते बार्शी रोड हा सुमारे एकवीस मैलांचा रस्ता त्या वर्षांत बैलगाड्यांनी भरून वाहत असे. पणजोबांच्या सासऱ्यांची गाडी त्यात होती म्हणतात. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतत आणि एका गाडीला चार-चार बैल लावावे लागत, ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की आम्हा पोरांना रुतलेली गाडी काढायची कशी, हे गाडी कधी न हाकताही पाठ होतं.

आता कुणालाही प्रश्न पडेल: एवढी मोठी पेठ, मग रेल्वे बार्शीवरूनच का नेली नाही? आजोबांकडे उत्तर तयार होतं. "बार्शीच्या शेठलोकांनी साहेबाला सांगितलं, तुझ्या इंजनाच्या धुरानं आमचा कापूस काळा होईल, बैलं बुजतील. ने तुझी गाडी लांबून. साहेबानं नेली लांबून. म्हणून तर आपण हाय इथं." बार्शीला दिलेल्या माझ्या आत्याच्या सासरी हीच गोष्ट उलटी सांगत. तिकडे शेठलोक साहेबाच्या मिनतवाऱ्या करतात आणि साहेब ऐकत नाही.

रेल्वे ज्या ज्या पेठेला बगल देऊन गेली, त्या प्रत्येक पेठेत ही गोष्ट ऐकायला मिळते. कापसाच्या जागी हळद नाहीतर गूळ येतो, एवढंच. खरं कारण नकाशात दिसतं. दौंडहून सोलापूर आणि पुढे रायचूर गाठायचं तर सरळ, सपाट वाट भीमेच्या खोऱ्यातून जाते. बार्शी पडते त्या वाटेच्या ईशान्येला, बालाघाटाच्या पायथ्याकडे. मद्रास गाठायला निघालेला इंजिनिअर कापसासाठी एवढा वळसा कशाला घेईल? पण आजोबांच्या गोष्टीत नकाशाला जागा नव्हती, माणसांच्या हेक्याला होती. आपलं गाव कुणाच्या तरी निर्णयातून जन्मलं, चढ-उतारांच्या हिशेबातून नव्हे, असं मानायला त्यांना बरं वाटत असावं. ग्रामदैवत स्वप्नात आलं नाही, तर निदान शेठ आणि साहेब तरी भांडले पाहिजेत.

दुसरी गोष्ट दुसऱ्या साहेबाची. हा साहेब म्हणे बार्शीच्या रस्त्याकडेला बाभळीखाली खुर्ची टाकून दिवसभर गाड्या मोजत बसे. गाडीवाल्यांना वाटे, सरकार नवी पट्टी बसवणार. म्हणून काही जण आडवाटेने जात आणि साहेबाची मोजणी चुकवत. बाभळ आणि खुर्चीची खातरी कुणी देणार नाही, पण साहेब खरा होता. एव्हरार्ड काल्थ्रॉप त्याचं नाव. 1882 मध्ये तो जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि नोकरीत असतानाच लहान फाट्यांच्या रेल्वेच्या नादाला लागला. त्याचं म्हणणं साधं होतं: जिथे माल आहे पण मोठ्या रेल्वेचा खर्च परवडत नाही, तिथे अरुंद रुळांची, हलकी, पण नीट आखलेली गाडी टाका. त्याने रुळांची रुंदी ठरवली अडीच फूट. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे दुसरं. इंजिन असो की वाघीण, भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. 1895 मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

पणजीच्या पंचांगात हे साल निराळ्या रीतीने नोंदलेलं होतं. "पलेगाच्या साली गाडी आली," ती म्हणे. पुस्तकं चाळून पाहिलं तर तिचा हिशेब चोख निघाला. 1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगाने डोकं वर काढलं, 1897 मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि स्टेशनास्टेशनांवर उतारूंची काखा-जांघा चाचपून तपासणी सुरू झाली. त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यात मोठा दुष्काळ होता. वर दुष्काळ, खाली प्लेग आणि मधून नवी कोरी गाडी. पणजोबा आले ते याच गर्दीत, भाकरी मिळेल तिथे जायचं म्हणून. पणजीच्या सगळ्या तारखा अशाच: थोरला मुलगा छप्पनच्या दुष्काळातला, मधली मुलगी पंढरपूरची गाडी सुरू झाली तेव्हाची, धाकटा मानमोडीच्या आदल्या वर्षीचा. छप्पनचा दुष्काळ 1899-1900 चा, पंढरपूरची गाडी 1906 ची, मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ 1918 ची. जन्माचा एकही दाखला नसलेल्या त्या घरात एकाचंही वय चुकलेलं नव्हतं.

आता तीन फुटांविषयी.

जीआयपीचे रूळ साडेपाच फुटी, बार्शी लाइटचे अडीच फुटी. मधला फरक तीन फूट. या फरकामुळे मोठ्या गाडीची वाघीण छोट्या रुळांवर चढू शकत नव्हती आणि छोटीची वाघीण मोठ्या. म्हणजे बार्शीहून आलेलं प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ, तेलाचा प्रत्येक डबा बार्शी रोडला खाली उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत चढायचा. उतारूंचंही तेच. मोठी गाडी येणार मध्यरात्री आणि छोटी सुटणार पहाटे, असं झालं की ती मधली रात्र माणसाने काढायची कुठे? काल्थ्रॉपने हिशेब केला होता मालाचा. या तीन फुटांच्या फटीत एक गाव मावेल, हे त्याच्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

चाचांचे वडील मालधक्क्यावर हमाल होते आणि चाचा लहानपणी त्यांचा डबा घेऊन जात. त्यांनी सांगितलेला मालधक्का मला जसाच्या तसा आठवतो. एका अंगाला मोठ्या गाडीची वाघीण, दुसऱ्या अंगाला छोटीची, मध्ये धक्का. छोटी वाघीण बुटकी, म्हणून तिच्या दारातून धक्क्यावर फळी टाकायची. फळी सागाची, कडेला लोखंडी पट्टी ठोकलेली, आणि मधोमध पायांनी घासून घासून खोलगट झालेली. कापसाच्या गाठीला दोघे लागत, दोघांच्या हातात आकडे. आकडा गाठीच्या तागाच्या गुंडाळणीत रुतवायचा, पण कापसात नाही. कापसाला भोक पडलं की आडत्या मजुरी कापणार. शेंगांच्या पोत्याला आकडा लावायचाच नाही, ते पाठीवर. पाठीवर दुहेरी गोणपाट, त्याची टोपी करून डोक्यावर ओढलेली. फळीवर एका वेळी एकच माणूस. मागचा थांबणार, पुढचा उतरला की "हां" म्हणणार, मग मागच्याने पाय टाकायचा. रात्रभर तो "हां" ऐकू येई, असं चाचा सांगत. झोपेत मोजायची सवय लागली होती त्यांना. "हां" थांबला की जाग यायची.

हमाली, तोलाई, वाराई यांचे दर मुकादम ठरवी आणि वाटे. आडते, दलाल, हुंडेकरी, कारकून, मुकादम, हमाल अशी ती उतरंड. हमालांच्या वस्तीला जेवण हवं, म्हणून खानावळी. बैलांना कडबा हवा, म्हणून कडब्याची वखार. रात्र काढणाऱ्यांना खोल्या हव्यात, म्हणून धर्मशाळा. गावातलं कुठलंही जुनं दुकान घ्या आणि ते का निघालं असं विचारत मागे मागे जा, शेवटी तुम्ही त्या फळीवर येऊन उभे राहता.

1906 मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत गाडी गेली. त्याआधीसुद्धा लांबलांबचे वारकरी बार्शी रोडला उतरून मोडनिंब-आष्टीच्या वाटेने चालत किंवा बैलगाडीने पंढरपूरला जात. गाडी झाल्यावर आषाढी-कार्तिकीला फलाटावर पाय ठेवायला जागा उरेना. पणजीने आपली चूल त्या गर्दीवर पेटवली. तिची सगळी सामग्री म्हणजे एक काठवट, एक तवा आणि पिठल्याचं पातेलं. शाळूच्या भाकरीवर पिठल्याचा गोळा, त्यावर चटणी आणि फोडलेला कांदा. भाकरी थापताना ती भजनाच्या ठेक्यावर थापे, कारण बाजूला टाळ चालूच असत. विठोबाच्या माणसांकडून नफा घ्यायचा नाही, हा तिचा नेम. पण जाताना तिकीट हातात असलेला वारकरी विठोबाचा आणि येताना रिकाम्या हाताचा उतारू रेल्वेचा, असा तिचा भेद होता. परतीच्या गर्दीला भाकरी एक पैसा महाग.

याच गर्दीतून पटकीही यायची. पंढरपूरच्या यात्रेत पटकी पसरण्याची सरकारला धास्ती असे. यात्रेकरूंवर कर होता, आणि साथ असली की यात्रेची तिकिटं विकायला बंदी. अशा वर्षी लोक आधीच्या एखाद्या स्टेशनाचं तिकीट काढत, तिथे उतरत आणि पुढे चालू लागत. विठोबाला जायला तिकीट लागत नाही हे सरकारला ठाऊक नव्हतं, असं पणजी म्हणे. मात्र त्या साली तिची चूल थंड असे आणि हे सांगताना तिचा आवाज बदलत असे.

तिसरी दिशा मोगलाईची. बार्शीहून पुढे रूळ येडशीच्या घाटातून, रामलिंगच्या झाडीतून वर चढले आणि 1911 मध्ये लातूरला पोचले. लातूर निजामाच्या राज्यात. म्हणजे एकाच गाडीत बसून माणूस इंग्रजांच्या मुलखातून निजामाच्या मुलखात जायचा. तिकडे करोडगिरीचे नाके, तिकडचं नाणं निराळं. आमच्याकडे चाले तो कलदार, तिकडचा तो हाली शिक्का, आणि कलदाराला भाव जास्त. कुर्डुवाडीच्या बाजारात लातूरकडचा माणूस ओळखायची खूण म्हणजे तो पैसे दोनदा मोजतो, असं आडतआळीत बोलत. नवं लुगडं करोडगिरीच्या शिपायाला दिसू नये म्हणून बायका जुन्याखाली नेसून जात. या गोष्टीतल्या लुगड्यांची संख्या सांगणाऱ्या आजीच्या उत्साहाप्रमाणे दोनापासून पाचापर्यंत जाई.

याच रुळांवर कसबे तडवळे लागतं. तिथे फेब्रुवारी 1941 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. आजोबा तेव्हा कारखान्यात नवे होते. खलाशी आणि सांधेवाले यांच्यातले कितीतरी जण पाळ्या बदलून घेऊन तडवळ्याला गेले, गाडीच्या टपावरही माणसं होती, असं ते सांगत. बाकी गोष्टी सांगताना आजोबा हातवारे करत. ही सांगताना मात्र हात मांडीवर ठेवून सांगत.

आजोबांचा कारखाना म्हणजे बार्शी लाइटचं वर्कशॉप. त्याच्या भोंग्यावर गाव उठे, जेवे आणि झोपे. शाळेत घड्याळ होतं, पण मास्तर भोंग्याचं मानत. आजोबा फिटर. ज्या गोष्टीचा त्यांना खरा संताप येई ती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे: छोटी गाडी इतकी हळू, की पुढच्या डब्यातून उतरून बोरं वेचावीत आणि मागच्या डब्यात चढावं. कुणी पाहुण्याने ही गोष्ट हसत हसत काढली, की आजोबा विचारत, "येडशीच्या घाटात किती वाघिणी वढत हुतं ते इंजन, ठावं हाय का?" पाहुण्याला ठाऊक नसे. मग जेवण थंड होईपर्यंत त्याला भार, चढ, पाण्याची टाकी आणि लीड्सहून आलेल्या इंजिनांची नळीन्नळी ऐकावी लागे.

काल्थ्रॉपचं पुढे काय झालं, हे मात्र आजोबांना कधी कळलं नाही. कळतं तर त्यांनी ते पाहुण्यांना नक्की ऐकवलं असतं. मोटारवाल्या रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. तो 1910 मध्ये विमान कोसळून गेला आणि काल्थ्रॉपने वैमानिकांसाठी हवाई छत्री करायचं मनावर घेतलं. ती त्याने केली. नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. 1927 मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याची गाडी पंढरपूर, सांगोला, जतरोड, कवठे महांकाळ करत मिरजेला पोचली आणि लातूर ते मिरज असा सव्वातीनशे किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. एकवीस मैलांच्या कापसासाठी सुरू झालेली गाडी.

1954 च्या पहिल्या दिवशी बार्शी लाइट सरकारच्या ताब्यात गेली. पाट्या बदलल्या, पगाराची चिठ्ठी बदलली, फळी तीच राहिली. फळी गेली ती रूळ रुंद झाले तेव्हा, या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत, टप्प्याटप्प्याने. आता लातूरहून मुंबईला जाणारा माणूस कुर्डुवाडीला उतरत नाही. बहुतेक वेळा त्याला कुर्डुवाडी येऊन गेल्याचं कळतही नाही, कारण तो झोपलेला असतो. रेल्वेच्या दृष्टीने हे यश आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातल्या आजारी माणसाला मध्यरात्री फलाटावर उतरवून पहाटेची वाट पाहायला लावणं, यात गोड काही नव्हतं. आपल्या गावाची भरभराट दुसऱ्याच्या खोळंब्यावर झाली, हे आमच्या म्हाताऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही. खोळंबलेल्याला भाकरी देणं हा त्यांचा धंदा होता.

आणि गाव उठलं नाही. फट बुजली तोवर त्या फटीत आलेल्यांची चौथी-पाचवी पिढी शाळांत, दवाखान्यांत, बाजार समितीत बसली होती. कारखाना आहे, काम बदललं आहे.

बार्शीचा कापूस गॅझेटियरमध्ये आहे, काल्थ्रॉप पुस्तकांत आहे, इंजिनांची चित्रं जमवणारे हौशी लोक इंग्लंडातसुद्धा आहेत. मालधक्क्यावरच्या हमालाला एका गाठीमागे काय मिळे, मुकादम त्यातलं किती ठेवी, फळीवरून घसरलेल्याच्या घरी कोण जाई, हे यातल्या कुठल्याच कागदावर मला सापडलेलं नाही. ते ज्यांनी पाहिलं त्यांतले शेवटचे लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांना गोष्टी रंगवून सांगायची सवय आहे. रंगवू द्यावं. लुगडी पाच होती की दोन, हे मागाहून ठरवता येईल. आधी त्यांच्यासमोर वही घेऊन बसावं आणि पहिला प्रश्न हमालीच्या दराचा विचारावा.